एकोणीस नंबर

गेल्या वर्षी माझा वाय.डी. झाला. एम-थ्री, थर्मो आणि आणखी तीन विषय राहिले, टी.ई.चा दरवाजा बंद झाला आणि हॉस्टेलची रूमही सोडावी लागली. गावी जाऊन वर्षभर वडिलांच्या समोर बसायची हिंमत नव्हती, म्हणून कॉलेजमागच्या गल्लीत कॉट बेसिसवर राहिलो. मेसला जाताना वाट बदलायचो. कारण माझाच रूम पार्टनर टी.ई.च्या पोरांबरोबर गप्पा मारत समोरून यायचा आणि मला बघितलं की बिचारा गप्प व्हायचा. ते गप्प होणं फार लागायचं.

त्याच सुमारास बाल्टिमोरहून माझा मावसभाऊ सुट्टीवर आला. त्याने मला एक निळा टी-शर्ट दिला. पाठीवर १९ हा आकडा आणि वर नाव, युनायटस. मला आधी ती एखादी कंपनी वाटली. मग भावाने सांगितलं की हा अमेरिकन फुटबॉलमधला खेळाडू, जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली, तरी बाल्टिमोरमध्ये लोक अजून त्याच्या नंबरचे शर्ट घालतात. माझ्याकडे वेळच वेळ होता (वाय.डी.वाल्याकडे दुसरं असतं काय!), म्हणून जॉनी युनायटसबद्दल मिळेल ते वाचत गेलो. आता मी हॉस्टेलला परत आलोय. मासिकासाठी काहीतरी दे म्हणून संपादक मंडळी मागे लागली तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही.

मित्रहो, आधी खेळ थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपण संध्याकाळी ग्राउंडवर खेळतो तो फुटबॉल वेगळा. यात बॉल लांबट, अंड्यासारखा, आणि तो हाताने फेकतात. दोन्हीकडे अकरा-अकरा जण. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे गेलात तर पुढचे चार प्रयत्न मिळतात, नाहीतर बॉल समोरच्यांकडे. बॉल पलीकडच्या टोकाला पोचवला की टचडाउन. प्रत्येक प्रयत्नात बॉल आधी ज्याच्या हातात येतो तो क्वार्टरबॅक. शंभर-सव्वाशे किलोची धिप्पाड माणसं त्याला आडवं करायला धावत येतात आणि त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावं लागतं की बॉल कुणाला द्यायचा. संघ जिंकला की कौतुक त्याचं, हरला की शिव्याही त्यालाच.

युनायटसचा जन्म ७ मे १९३३ चा, पिट्सबर्गचा. पोलाद आणि कोळशाचं गाव. घराणं मूळचं लिथुआनियाचं. वडिलांचा घरोघर कोळसा पोचवण्याचा धंदा होता. जॉनी पाच वर्षांचा असताना ते वारले. आईने चार पोरं आणि तो धंदा दोन्ही सांभाळलं, शिवाय रात्री ऑफिसं झाडण्या-पुसण्याचं काम केलं, आणि त्यातून हिशेबनिशीचं शिक्षण घेतलं. त्याच्याबद्दल एवढं वाचलं, पण मला विचाराल तर जिद्द हा शब्द त्या बाईंना जास्त शोभतो.

शाळेत तो चांगला खेळायचा, पण अंगाने काडी. नोत्र दाम या नावाजलेल्या विद्यापीठाने वजन कमी म्हणून परत पाठवलं. पिट्सबर्ग विद्यापीठ घ्यायला तयार होतं, तिथे हा प्रवेशपरीक्षेतच नापास! (हे वाचल्यावर माझं त्याच्याशी नातं जुळलं हे कबूल करतो.) शेवटी लुईव्हिलला गेला. तिथे विद्यापीठाने मध्येच खेळांवरचा खर्च कमी केला, चांगले खेळाडू निघून गेले. १९५३ साली त्यांचा संघ आठपैकी सात सामने हरला. माणसं कमी म्हणून युनायटस क्वार्टरबॅक तर खेळायचाच, शिवाय बचावालाही उभा राहायचा.

१९५५ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्स या व्यावसायिक संघाने त्याला निवडलं. नवव्या फेरीत, एकंदर १०२ वा. गावचाच संघ, म्हणजे आनंदच. पण तिथे क्वार्टरबॅक चार आणि जागा तीन. सीझनआधीच्या सामन्यांत त्याला एकदाही बॉल फेकायला मिळाला नाही, आणि सीझन सुरू व्हायच्या आत घरी पाठवलं. याचं डोकं हळू चालतं असं प्रशिक्षकांचं मत होतं असं सांगतात. घरी जाताना बसभाडं वाचवायला तो वाटेत गाड्यांना हात करत गेला, हेही सांगतात. लग्न झालेलं होतं आणि घरी पाळणा हलणार होता.

तर हे त्याचं वाय.डी. आणि याच वर्षाबद्दल मला सगळ्यात जास्त कुतूहल होतं. माणूस अशा वर्षात करतो काय? काही मोठं केलं नाही त्याने. पायलिंगच्या टोळीत मजुरीला लागला. सिव्हिलच्या पोरांनी साइटवर पाइल ड्रायव्हर पाहिला असेल, कान फुटायची वेळ येते, तेच काम. आणि आठवड्यातून एकदा ब्लूमफील्ड रॅम्स नावाच्या गल्लीतल्या संघाकडून खेळायचा. एका सामन्याचे सहा डॉलर. मैदान म्हणजे गवताचा पत्ता नसलेली कडक माती. देशभरातले क्वार्टरबॅक टीव्हीवर दिसत होते आणि हा त्या मातीत, दिवसभर काम करून आलेल्या माणसांबरोबर. मला वाटलं होतं, कुठेतरी लिहिलेलं सापडेल की त्याने भिंतीवर स्टीलर्सचं नाव लिहून ठेवलं, सूड घ्यायची शपथ घेतली वगैरे. तसं काही सापडलं नाही. त्याला खेळायचं होतं आणि खेळायला जी जागा शिल्लक होती तिथे तो गेला, बस्स.

१९५६ मध्ये बाल्टिमोर कोल्ट्सने त्याला बोलावलं. ब्लूमफील्डमध्ये एक चांगला क्वार्टरबॅक आहे असं कुणा चाहत्याचं पत्र आल्याची गोष्ट सांगतात. प्रशिक्षक वीब युबँक पुढे गमतीने म्हणायचे म्हणे, की ते पत्र युनायटसनेच लिहिलेलं असणार. इथेही तो राखीव. सीझनच्या चौथ्या सामन्यात शिकागो बेअर्सविरुद्ध मुख्य क्वार्टरबॅक जॉर्ज शॉ याच्या गुडघ्याला मार बसला आणि युनायटस मैदानात उतरला.

पहिला पास. समोरच्या जे. सी. कॅरोलिनने मधल्यामध्ये पकडला आणि ५९ यार्ड पळत जाऊन टचडाउन केला. त्यानंतर लगेच आपल्याच खेळाडूच्या हातात बॉल देताना दोघांची टक्कर, बॉल खाली, बेअर्सकडे. सामना ५८-२७ असा हरले. व्हायव्हाला पहिल्याच प्रश्नाला गप्प बसल्यावर पुढच्या नऊ प्रश्नांत काय होतं ते आपल्याला माहीत आहे. पण शॉ जायबंदी होता, दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे पुढच्या सामन्यातही यालाच पाठवावं लागलं, आणि तो सामना ते जिंकले. त्याच सीझनच्या डिसेंबरपासून प्रत्येक सामन्यात किमान एक टचडाउन पास टाकायला त्याने सुरुवात केली. ती साखळी १९६० च्या डिसेंबरात तुटली तेव्हा ४७ सामने झाले होते. तो विक्रम मोडायला २०१२ साल उजाडलं, ड्रू ब्रीसने मोडला.

त्याच्या यशाबद्दल भराभर सांगतो, कारण ते सगळीकडे मिळतं. १९५८ च्या नोव्हेंबरात बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला इजा झाली, दोन सामने हुकले. परत आला तो पहिल्याच चालीत ५८ यार्डांचा टचडाउन पास. त्याच वर्षी २८ डिसेंबरला न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर जायंट्सविरुद्ध अंतिम सामना. शेवटची दोनेक मिनिटं, तीन गुणांनी मागे, स्वतःच्या १४ यार्डांच्या रेषेपासून सुरुवात. रेमंड बेरीला लागोपाठ तीन पास, ६२ यार्ड, आणि सात सेकंद उरले असताना बरोबरी. मग जादा वेळेत ८० यार्ड जाऊन २३-१७ असा विजय. अमेरिकेत हा खेळ घराघरांतल्या टीव्हीवर खऱ्या अर्थाने पोचला तो या सामन्याने असं मानतात. त्या काळी चाली क्वार्टरबॅकने स्वतः ठरवायच्या, हेल्मेटमध्ये रेडिओ नव्हता. बेरीची नजर कमजोर, तो कॉन्टॅक्ट लेन्स लावून खेळायचा. सराव संपला की बाकीचे घरी जायचे आणि हे दोघं मैदानावर थांबून तेच ते पास पुन्हा पुन्हा करायचे. बेरी वळायच्या आधीच बॉल हातातून सुटलेला असायचा. मेकॅनिझममध्ये दोन लिंक एका ठरलेल्या क्षणी एका बिंदूत येतात, तसं.

आता १९६८. माझ्या दृष्टीने खरी गोष्ट इथे आहे, कारण पंचविशीत उठून उभं राहणं वेगळं आणि पस्तिशीत वेगळं.

आदल्या वर्षी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. सीझन सुरू व्हायच्या आधीच्या शेवटच्या सराव सामन्यात उजव्या कोपराजवळचे स्नायू फाटले. फेकायचा हात तोच. त्या अख्ख्या सीझनमध्ये त्याचे ३२ पैकी ११ पास पूर्ण झाले. त्याच्या जागी अर्ल मोराल नावाचा चौतीस वर्षांचा, अनेक संघ फिरून आलेला क्वार्टरबॅक आला आणि कोल्ट्सने १४ पैकी १३ सामने जिंकले! मोराल त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू झाला. हे वाचताना मला मेसची ती वाट आठवली. आपल्यावाचून काही अडत नाही, उलट जास्त छान चाललंय, हे बाकावर बसून बघायचं.

१२ जानेवारी १९६९ ला सुपर बोल. समोर न्यूयॉर्क जेट्स, ज्यांना कुणी हिशेबात धरत नव्हतं. गंमत बघा, जेट्सचे प्रशिक्षक कोण? तेच वीब युबँक, ज्यांना कोल्ट्सने काढलं होतं. पूर्वार्धात मोरालचे तीन पास समोरच्यांनी पकडले. एका चालीत जिमी ऑर एकटा, मोकळा उभा होता, मोरालला तो दिसला नाही. तिसऱ्या सत्राच्या शेवटी शेवटी युनायटसला उतरवलं. त्या दुखऱ्या हाताने त्याने संघाचा एकमेव टचडाउन मिळवून दिला, पण उशीर झाला होता. १६-७, हार. तेरा सामने जिंकून देणाऱ्या मोरालची आठवण लोकांनी त्या एका न दिसलेल्या माणसावरून ठेवली, हे मला अजून पटत नाही.

पुढचं वर्षही धड नव्हतं. १९६९ मध्ये युनायटसचे टचडाउन पास १२ आणि समोरच्यांनी पकडलेले २०. प्रशिक्षक डॉन शुला मायामीला निघून गेले. सिनेमात असतं तसं तो एकदम जुना युनायटस होऊन परतला असं मला लिहायला आवडलं असतं. तसं झालं नाही. १९७० मध्येही आकडे १४ आणि १८ असे, म्हणजे पकडलेलेच जास्त. हात गेला होता तो गेलाच होता. पण कुठल्या क्षणी काय करायचं ही समज शाबूत होती, तेवढ्यावर तो खेळला आणि संघाने ११ सामने जिंकले. १७ जानेवारी १९७१ ला मायामीत पुन्हा सुपर बोल, समोर डॅलस काउबॉइज.

हा सामना इतका गचाळ झाला की दोन्ही संघांनी मिळून अकरा वेळा बॉल घालवला. युनायटसचा एक पास ज्याच्यासाठी होता त्याच्या हाताला लागून उडाला, मग डॅलसच्या खेळाडूला पुसटसा लागला आणि पलीकडे जॉन मॅकीच्या हातात पडला. ७५ यार्डांचा टचडाउन! डॅलसवाले भांडत राहिले. थोड्याच वेळात दुसऱ्या सत्रात बरगड्यांवर जबर मार बसून युनायटस बाहेर गेला. आणि आत कोण आलं? मोराल. दोन वर्षांपूर्वीची अदलाबदल उलटी झाली. मोरालने उरलेला सामना सांभाळला, नवख्या जिम ओब्रायनने पाच सेकंद असताना ३२ यार्डांवरून बॉल खांबांमधून मारला, आणि १६-१३ ने कोल्ट्स जिंकले. युनायटसच्या नावावर त्या दिवशी नऊपैकी तीन पास. बाकावर बसून त्याने तो शेवट पाहिला. दुसऱ्याने पुरा केलेला विजय आपला वाटतो का, हा प्रश्न मला त्या वर्षभर पडत होता. कारण मी बॅक पेपर सोडवले ते त्याच रूम पार्टनरच्या नोट्सवर.

नंतरचं आयुष्य सोपं गेलं नाही. पायाची शीर तुटली, १९७२ मध्ये बाकावर बसवलं, १९७३ चा सीझन सॅन डिएगोकडून खेळून १९७४ मध्ये थांबला. तोवर ४०,२३९ यार्ड आणि २९० टचडाउन पास झाले होते. व्यवसायात पैसे बुडाले, १९९१ मध्ये दिवाळखोरी जाहीर करावी लागली. १९८४ मध्ये मार्चच्या एका रात्री मालकाने कोल्ट्सचं सगळं सामान ट्रकमध्ये भरून संघ इंडियानापोलिसला नेला, तेव्हा युनायटसने त्या संघाशी नातंच तोडलं. तो बाल्टिमोरचा राहिला. १९६८ च्या त्या दुखापतीपायी उजव्या हाताच्या बोटांतली ताकद हळूहळू गेली. गोल्फ खेळताना तो हात वेलक्रोच्या पट्टीने दांडीला बांधून घ्यायचा. ११ सप्टेंबर २००२ ला बाल्टिमोरजवळच्या एका फिजिओथेरपी केंद्रात, व्यायाम करत असताना हृदयविकाराच्या झटक्याने गेला. वय ६९.

बाल्टिमोरच्या स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे. भावाने परवा फोटो पाठवला. हात मागे घेतलेला, बॉल अजून सुटलेला नाही. येणारे-जाणारे बुटाला हात लावून जातात म्हणे, म्हणून बूट तेवढा चकाकतोय. मी तो फोटो रूम पार्टनरला दाखवला. तो आता बी.ई.ला आहे, वरच्या मजल्यावर राहतो. त्याने बराच वेळ बघितला आणि एम-थ्रीच्या नोट्स परत कधी देणार ते विचारलं.