हॅस्केल करी

हॅस्केल ब्रुक्स करी (१२ सप्टेंबर, इ.स. १९०० – १ सप्टेंबर, इ.स. १९८२) हे अमेरिकन गणितज्ञ व तर्कशास्त्रज्ञ होते. कॉम्बिनेटरी लॉजिक म्हणजेच संयोजी तर्कशास्त्राच्या उभारणीसाठी ते ओळखले जातात.

जीवन

करी यांचा जन्म मॅसॅच्युसेट्स राज्यातील मिलिस येथे झाला. त्यांचे आईवडील बॉस्टनमध्ये वक्तृत्वकलेची शाळा चालवीत. वैद्यकशास्त्र शिकण्याच्या हेतूने ते १९१६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाले. मात्र १९२० मध्ये त्यांनी पदवी घेतली ती गणिताची.

१९२७ मध्ये प्रिन्स्टन येथे अध्यापन करीत असताना, आपण ज्या कल्पनेवर काम करीत आहोत ती मोझेस श्योनफिंकेल यांनी १९२४ मध्येच प्रसिद्ध केल्याचे त्यांना आढळले. तरीही विषय न सोडता ते जर्मनीतील ग्यॉटिंगेन विद्यापीठात गेले आणि १९३० मध्ये त्यांनी तेथून डॉक्टरेट मिळवली. १९२९ ते १९६६ या काळात ते पेनसिल्व्हेनिया स्टेट येथे प्राध्यापक होते. १९४६ मध्ये त्यांनी एनिॲक या संगणकावरही काम केले.

कार्य

चलांचा आधार न घेता, लहान फलने एकमेकांना जोडून मोठी फलने रचता येतात, हे संयोजी तर्कशास्त्राचे सूत्र होय. १९३५ मध्ये स्टीफन क्लेनी व जे. बार्कले रॉसर यांनी करी यांच्या विस्तारित तर्कप्रणालीत अंतर्विरोध असल्याचे सिद्ध केले. करी यांनी त्या अंतर्विरोधाच्या मुळाचाच अभ्यास हाती घेतला. १९४२ मध्ये त्यांनी मांडलेला विरोधाभास आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

वारसा

१९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या हॅस्केल या संगणकभाषेला त्यांचे नाव देण्यात आले. याच भाषेच्या आधारे मेरी शीरन व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये लाव्हा ही विद्युतमंडलांच्या वर्णनाची व पडताळणीची प्रणाली मांडली. क्रमवारी लावणारे जाळे तिच्या साहाय्याने फलनांच्या जोडणीतून लिहिता येते: अर्ध्या आकाराची दोन जाळी शेजारी ठेवायची आणि त्यांच्यापुढे विलीनीकरणाचे मंडल जोडायचे. अशा जाळ्यातील प्रत्येक घटक दोन संख्यांची तुलना करून लहान संख्या एका तारेवर व मोठी दुसऱ्या तारेवर पाठवतो. केवळ ० आणि १ यांच्या सर्व मालिका क्रमाने लागल्या, तर कोणत्याही संख्या क्रमाने लागतात. त्यामुळे ८ तारांच्या जाळ्यासाठी ४०,३२० क्रमांऐवजी २५६ मालिका तपासणे पुरेसे ठरते.