हसविणाऱ्या सैनिकाची जखम

ब्रिटिश विनोदाला विसाव्या शतकात नवे वळण देणारे स्पाइक मिलिगन जन्माने नगरचे. १६ एप्रिल १९१८ रोजी तेव्हाच्या अहमदनगरमध्ये, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील लिओ हे मूळचे आयरिश, नोकरी लष्करातली. त्यामुळे टेरेन्स, हे त्यांचे खरे नाव, पुणे आणि रंगून येथील छावण्यांच्या वातावरणात वाढले. पुढे कुटुंब इंग्लंडला गेले. तेथे त्यांना जॅझ संगीताचा नाद लागला आणि ते ट्रम्पेट वाजवू लागले.

१९४० मध्ये ते तोफखान्यात दाखल झाले. उत्तर आफ्रिकेतील लढाईनंतर त्यांची तुकडी इटलीत उतरली. जानेवारी १९४४ मध्ये मॉन्टे कॅसिनोच्या आघाडीवर मॉर्टरच्या स्फोटात ते जखमी झाले. पायाची जखम भरून आली. मनाची मात्र भरली नाही. तोफांच्या आवाजाने त्यांचे शरीर कापू लागे. लढण्यास ते असमर्थ ठरले आणि त्यांचा लान्स बॉम्बार्डियरचा हुद्दाही काढून घेण्यात आला.

याच पडत्या काळात त्यांना रंगमंच सापडला. सैनिकांचे मनोरंजन करणाऱ्या लष्करी कलापथकात ते गिटार वाजवू लागले. बिल हॉल यांचे व्हायोलिन, जॉनी मलग्रू यांचा डबल बास आणि मिलिगन यांची गिटार, असे हे त्रिकूट संगीतातूनच हशा पिकवी.

युद्धानंतर १९५१ मध्ये बीबीसी नभोवाणीवर ‘द गून शो’ सुरू झाला. पीटर सेलर्स आणि हॅरी सीकोम्ब यांच्यासह तो १९६० पर्यंत गाजला. बहुतेक संहिता मिलिगन यांच्याच होत्या. दर आठवड्याला नवे लिहिण्याच्या ताणाने १९५२ च्या अखेरीस त्यांचे मानसिक संतुलन ढासळले आणि त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. नैराश्याने पुढे आयुष्यभर त्यांची पाठ सोडली नाही आणि त्याविषयी ते उघडपणे बोलत राहिले.

ज्या देशासाठी ते लढले, त्याच्या पारपत्राचा प्रश्न साठच्या दशकात उभा राहिला. राजनिष्ठेची शपथ घेण्यास नकार देऊन त्यांनी आयरिश नागरिकत्व पत्करले. १९७१ पासून त्यांच्या युद्धस्मृतींचे खंड प्रसिद्ध होऊ लागले. त्यांत विनोदाच्या शेजारीच मृत मित्रांची आठवण आहे.

२७ फेब्रुवारी २००२ रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. विंचेलसी येथील त्यांच्या समाधिशिलेवर, आपल्या आजारपणाकडे कोणी लक्ष दिले नाही, अशी मिश्कील तक्रार आयरिश भाषेत कोरलेली आहे.