लक्ष्मणराव किर्लोस्कर : रंग ओळखता येईनात म्हणून चित्रकला सोडली आणि लोखंडी नांगर घडवला

आषाढ लागला की भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांत एकच घाई असते, चिखलणीची. डोंगरउतारावरची खाचरं पाण्यानं भरलेली, रोपवाटिकेत भाताचं रोप तयार. खाचर दोन-चार गुंठ्यांचं, त्यात मोठा ट्रॅक्टर वळत नाही. मग हाताशी असतो तो पॉवर टिलर, आणि बऱ्याचदा तो जुना असतो.

जुन्या यंत्राला बंद पडायला नेमका हाच मुहूर्त सापडतो. हँडल मारून मारून खांदे दुखतात, इंजिन काही घेत नाही. जाणकार माणूस मग क्रमानं बघत जातो. टाकीत डिझेल आहे का? लाइननं हवा धरली आहे का? नट ढिला करून बुडबुडे जाईपर्यंत डिझेल वाहू द्यायचं. फिल्टर गाळानं भरलाय का? एअर क्लीनरमधलं ऑइल काळं पडलंय का? इंजिन चालतंय पण टिलर जागचा हलत नाही, तर बेल्ट ढिला आहे का? बहुतेक वेळा रोग यातच सापडतो. नाही सापडला तर मेकॅनिक. आणि मेकॅनिकनं पार्ट मिळत नाही म्हणून सांगितलं की खरी पंचाईत, कारण रोप २१ ते २५ दिवसांचं झालं की लागण व्हायला हवी. रोप थांबत नाही, ते जून होत जातं.

शेतातलं यंत्र किती भारी आहे यापेक्षा ते बिघडल्यावर वेळेत दुरुस्त होतं का, हा प्रश्न मोठा. महाराष्ट्रात हा प्रश्न ज्यांना सगळ्यात आधी भिडला त्यांच्यात एक नाव ठळक आहे, लक्ष्मणराव किर्लोस्कर. आज हे नाव पंपावर, इंजिनावर, अगदी पॉवर टिलरवरसुद्धा दिसतं. पण त्या नावामागचा माणूस मुळात चित्रकार व्हायला निघाला होता.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरचा. वडील वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचं मात्र शाळेच्या पुस्तकांत मन रमेना. त्याला दोनच गोष्टींचा नाद होता, चित्रं आणि यंत्रं. १८८५ मध्ये तो मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला.

तिथं एक विचित्र अडचण उभी राहिली. त्याला काही रंग नीट ओळखता येत नव्हते. म्हणजे डोळ्यांत रंगांधळेपणाचा दोष होता. चित्रकारासाठी विषय तिथंच संपला. पण यंत्रांच्या आराखड्यांना रंग लागत नाहीत, लागते ती रेघ आणि माप. लक्ष्मणरावांनी मेकॅनिकल ड्रॉइंग धरलं आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये (आजची व्हीजेटीआय) तेच शिकवायला लागले.

इंजिनिअरिंगची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. संस्थेच्या वर्कशॉपमध्ये यंत्रं खोलायची, जोडायची, परदेशी पुस्तकं वाचायची, हीच त्यांची शाळा. आज एखादा पोरगा यूट्यूब बघून इंजिन उतरवतो तसंच काहीसं, फक्त व्हिडिओच्या जागी इंग्रजी पुस्तकं.

त्याच काळात, १८८८ मध्ये, बेळगावात मोठे भाऊ रामूअण्णा यांच्याबरोबर सायकलचं दुकान सुरू झालं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा बेळगावात विकायचे. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ची सुरुवात ही अशी. सायकल तेव्हा नवलाईची चीज होती, त्यामुळे गिऱ्हाइकाला ती चालवायला शिकवणं हाही धंद्याचाच भाग होता. वस्तू विकली म्हणजे काम संपलं, असं इथं पहिल्यापासूनच नव्हतं.

मुंबईतली नोकरी मात्र टिकली नाही. बढतीची पाळी लक्ष्मणरावांची होती, पण जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. त्यांनी राजीनामा दिला आणि १८९७ च्या सुमारास बेळगाव गाठलं. छोटं वर्कशॉप, मोजकी यंत्रं. आधी हात घातला कडबा कापायच्या यंत्राला, त्यानंतर आला नांगर.

तोपर्यंत इथल्या शेतात लाकडी नांगर चालायचा. तो माती उकरतो, पण उलटत नाही. लोखंडी नांगराला बाक दिलेला पत्रा असतो. फाळानं कापलेली मातीची पट्टी त्या बाकावरून वर चढते आणि पालथी पडते. तण खाली गाडलं जातं, खोलवर गेलेली हराळीची मुळं वर येतात. कृष्णाकाठच्या भारी जमिनीत हराळीनं जेरीस आलेल्या शेतकऱ्याला याची किंमत कळण्यासारखी होती.

१९०३ मध्ये पहिला किर्लोस्कर नांगर तयार झाला. आणि पडून राहिला. लोखंडानं जमीन विषारी होते असा समज पक्का होता, त्यामुळे पहिलं गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षं गेली असं सांगितलं जातं. कंपनीच्या गोष्टीत हा भाग एका ओळीत उरकतो आणि शेतकऱ्याला अडाणी ठरवून पुढे जातो. ते काही बरोबर नाही. जरा त्याच्या बाजूनं बघायला हवं.

लाकडी नांगर गावातला सुतार करायचा, फाळ लोहार शेवटून द्यायचा, आणि दोघांचा मोबदला बलुत्यात मिळायचा. नांगर मोडला तर संध्याकाळपर्यंत दुरुस्त. हा नवा नांगर बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. बीड कडक असतं पण ठिसूळ. तापवून ठोकायला गेलं तर तुटतं, त्यामुळे गावच्या लोहाराचा हातोडा इथं कामाचा नाही. वर ओढायला जास्त बैल हवेत. ऐन नांगरटीत फाळ तुटला तर जायचं कुठं? विषाची भीती होती हे खरं, पण अशा वस्तूवर पैसे लावताना कोणीही दहादा विचार केलाच असता.

पुढची तक्रार तर खरीच निघाली. सुरुवातीच्या नांगरांचे फाळ मऊ होते, लवकर झिजायचे. लक्ष्मणरावांनी दोष गिऱ्हाइकाच्या जमिनीवर ढकलला नाही, ओतकामात शोधला. वितळलेलं बीड साच्यात सावकाश थंड झालं तर मऊ राहतं. जिथं कडकपणा हवा तिथं साच्यात लोखंडाची पट्टी बसवली की रस त्या जागी झटकन थंड होतो आणि वरचा थर टणक बनतो. फाळाची धार टिकायला लागली. शिवाय फाळ बोल्टनं बसवलेला असला की झिजल्यावर फक्त तोच बदलायचा, नांगर तसाच ठेवायचा. सुटा भाग ठरल्या मापाचा असेल तरच हे जमतं, आणि माप हा तर ड्रॉइंग मास्तरांचा हातखंडा विषय.

जम बसतोय तोच बेळगावातली जागा सोडायची वेळ आली. नगरपालिकेला तिथं नवी वस्ती वसवायची होती. कारखाना उचलून न्यायचा तर कुठं आणि कोणाच्या पैशावर?

इथं औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. औंध हे साताऱ्याच्या जहागिरींपैकी एक छोटं संस्थान. भोरही त्याच यादीतलं. तिथं पंतसचिव, इथं पंतप्रतिनिधी, दोन्ही पदं मराठेशाहीच्या परंपरेतून आलेली. बाळासाहेब स्वतः उत्तम चित्रकार होते. रंगांनी नाकारलेला माणूस शेवटी एका चित्रकार राजाच्या दारी उभा राहिला, हा योग भारीच म्हणायला हवा. लक्ष्मणरावांनी औंधला बांधकामाचं काम केलेलं होतं, त्यामुळे ओळख होती. बाळासाहेबांनी जमीन दिली आणि १०,००० रुपये बिनव्याजी दिले.

जमीन कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची, सुमारे ३२ एकर. निवडुंग आणि सापांनी भरलेला माळ. मार्च १९१० मध्ये तिथं बस्तान हललं. वर्कशॉप आणि राहायची घरं शेजारी शेजारी उभी राहिली आणि किर्लोस्करवाडी झाली. पुढे स्टेशनचं नावही तेच पडलं.

सोबतची माणसं कोण होती, हे या गोष्टीतलं सगळ्यात वाचनीय प्रकरण. शंभूराव जांभेकर यंत्रांत मुरलेले, मंगेशराव रेगे हिशेब बघणारे, अनंतराव फळणीकर शाळेत मागे पडलेले पण कारखान्यात चमकलेले. रखवालीला तर शिक्षा भोगून आलेली, दरोडेखोरीचा शिक्का बसलेली माणसं ठेवली. वसाहतीत शिवाशिव पाळायची नाही असा दंडक होता. १९१० च्या आसपास हे सोपं नव्हतं.

मग पहिलं महायुद्ध आलं. परदेशी लोखंड आणि भट्टीचा कोळसा मिळेनासा झाला. लाकडी कोळशावर भट्टी चालवून बघितली, मोडीचं लोखंड गोळा केलं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफांचं लोखंड नांगरांसाठी दिलं, ही आठवण तर कोल्हापुरात आजही सांगितली जाते.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं, त्याचंच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. नांगरानंतर उसाचे चरक, पंप, डिझेल इंजिनं अशी यादी वाढत गेली. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीतून शिकून आला. १९४६ मध्ये पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि विहिरीवरच्या इंजिनाला गावोगावी जणू हेच नाव पडलं.

मोठा घाव बसला १९४८ मध्ये. गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही पेटवला गेला. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. ज्या माळावरचा निवडुंग काढून उभं केलं, तिथं राख बघायची वेळ आली. कारखाना पुन्हा उभा राहिला, पण तोवर कारभार पुढच्या पिढीच्या हातात गेला होता. २६ सप्टेंबर १९५६ रोजी पुण्यात लक्ष्मणरावांचं निधन झालं. १९६९ मध्ये जन्मशताब्दीला टपाल खात्यानं त्यांच्या नावाचं तिकीट काढलं.

आता एक प्रश्न राहतो. लोखंडी नांगर इतका गुणाचा, तर भोर-वेल्ह्याच्या भातखाचरात त्याचं काम का नाही? कारण भाताचं गणित उलटं आहे. खाचरात पाणी थांबायला हवं, आणि ते थांबतं चिखलाखाली बसलेल्या घट्ट थरामुळे. खोल नांगरटीनं तो थर फुटला की पाणी जिरून जातं. तिथं हवी असते वरवरची, पण पुन्हा पुन्हा केलेली चिखलणी. आधी ती हलक्या लाकडी नांगरानं व्हायची, आता टिलरच्या फिरत्या पात्यांनी होते. मातीची पट्टी पालथी पाडायचं काम देशावरच्या भारी जमिनीत ट्रॅक्टरमागचा पलटी नांगर करतो, त्याच बाक दिलेल्या पत्र्यानं. आणि पाती काय, फाळ काय, झिजले की आजही बोल्ट काढूनच बदलतात.