कापाब्लांकाने स्वतःच्या पराभवाचा डाव स्वतःच्याच पुस्तकात का छापला?

वर्ष होतं 1911. स्पेनमधल्या सॅन सेबॅस्टियन शहरात बुद्धिबळाची मोठी स्पर्धा भरली होती. त्या काळातले जवळपास सगळे दिग्गज हजर होते, आणि त्यांच्यात एक 22 वर्षांचा क्युबन पोरगा होता. मोठ्या स्पर्धेत बक्षीस मिळवलेल्यांनाच प्रवेश अशी अट होती आणि याच्याकडे तसं एकही बक्षीस नव्हतं. अमेरिकेच्या फ्रँक मार्शलने त्याच्यासाठी शब्द टाकला म्हणून तो आत आला. दोनच वर्षांपूर्वी याच पोराने मार्शलला 8 विरुद्ध 1 असं धुतलं होतं.

पोराचं नाव होसे राऊल कापाब्लांका.

जन्म हवानाचा, 19 नोव्हेंबर 1888. वडील मित्राशी खेळत असताना बघून बघून चौथ्या वर्षी तो चाली शिकला. तेरावं लागायच्या सुमारास त्याने क्युबाचा अव्वल खेळाडू हुआन कोर्सो याच्यावर निसटता विजय मिळवला. पुढे इंजिनिअर व्हायला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला, पण रमला तो मॅनहॅटन चेस क्लबमध्ये. डिग्री राहिलीच.

सॅन सेबॅस्टियनला त्याच्या प्रवेशावर नाक मुरडणाऱ्यांमध्ये ओसिप बर्नस्टाइन होता. पहिल्याच फेरीत कापाब्लांकाने त्याला हरवलं आणि त्या डावाला सर्वात सुंदर डावाचं बक्षीस मिळालं. शेवटी स्पर्धाही त्यानेच जिंकली.

पण आपला विषय आहे तिथे तो हरलेला एकमेव डाव.

समोर होता पोलंडचा अकिबा रुबिनस्टाइन, पांढऱ्या मोहऱ्यांसह. त्याने वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. वेब सिरीजमुळे घराघरात पोहोचलेल्या क्वीन्स गॅम्बिटचीच ही एक शाखा. यात काळ्याला मोहरी मोकळी फिरवता येतात, पण पटाच्या मध्यावर त्याचं एक प्यादं एकटं पडण्याची भीती असते. रुबिनस्टाइनने त्याच प्याद्यावर डोळा ठेवला.

आधी त्याने आपला उंट पटाच्या कडेला नेऊन ठेवला. त्या तिरक्या रेषेत काळ्याचं राजासमोरचं प्यादं होतं आणि त्याच्या मागे थेट हत्ती. म्हणजे मधल्या प्याद्याला आधार देणारं हे प्यादं तिथून हललं, की हत्ती उघडा. मग दुसऱ्या उंटाने राखणीला असलेला घोडा मारला आणि 15व्या चालीला स्वतःच्या घोड्याने मधलं प्यादं उचललं.

कापाब्लांका गडबडला नाही. त्याने वजीर बाजूला नेऊन कडेच्या उंटावरच हल्ला केला. रुबिनस्टाइनने राजा एक घर सरकवून उंट राखला. कापाब्लांकाने धोक्यातला हत्ती बाजूला घेतला, तोही अशा जागी की पांढऱ्याचा घोडा अडकावा. पाहणाऱ्याला वाटावं, डाव सावरला.

तेव्हा रुबिनस्टाइनने वजीर फक्त एक घर बाजूला नेला. ना शह, ना मारामारी. पण त्या घरातून वजीर एका बाजूला काळ्याच्या वजिराला भिडत होता आणि दुसऱ्या बाजूला काळ्याच्या उंटावर रोखलेला होता. काळ्याने घोडा मारला, पांढऱ्याने उंट मारला. हिशेब जुळला, तर पांढऱ्याकडे एक प्यादं जास्त. तेवढ्या भांडवलावर रुबिनस्टाइनने डाव काढला.

1921 मध्ये कापाब्लांका हवानात इमॅन्युएल लास्करला हरवून जगज्जेता झाला. 4 विजय, 10 बरोबरी, पराभव शून्य. त्याच वर्षी त्याचं 'चेस फंडामेंटल्स' हे पुस्तक आलं. नवशिक्यांसाठीच्या या पुस्तकात त्याने आपले निवडक डाव स्वतःच्या टिपांसह दिले आणि त्यांत रुबिनस्टाइनकडून हरलेला हा डावही ठेवला. 1914 मध्ये सेंट पीटर्सबर्गला लास्करने हरवलं, तो डावही आहे. शिकणाऱ्याने आपली चूक नेमकी कुठे झाली ते शोधावं, ही त्याची शिकवण होती, आणि उदाहरणाला त्याने स्वतःलाच उभं केलं.

गंमत म्हणजे पुस्तक आलं तोवर शिकायला त्याच्याकडे पराभवच उरले नव्हते. 1916 ते 1924 अशी 8 वर्षं तो एकही डाव हरला नाही. 1924 मध्ये न्यूयॉर्कला रिचर्ड रेटीने ती मालिका तोडली. बुद्धिबळात आता सगळे डाव बरोबरीतच सुटतील असं वाटून त्याने जास्त घरांचा पट आणि जास्त मोहरी असलेला खेळसुद्धा सुचवला.

मग 1927 उजाडलं. ब्युनोस आयर्समध्ये समोर होता अलेक्झांडर अलेखाइन. तोवर कापाब्लांकाला एकदाही हरवू न शकलेला. पण त्याने कापाब्लांकाचे डाव उसवून उसवून पाहिले होते. दुसऱ्याच्या डावातली चूक शोधण्याचं काम आता तो करत होता. 34 डाव चालले. त्यांतले 32 क्वीन्स गॅम्बिट नाकारण्याच्या पद्धतीचे. अलेखाइन 6, कापाब्लांका 3, बाकी 25 बरोबरीत. शेवटच्या डावात कापाब्लांका पटावर परतलाच नाही, हार मानल्याची चिठ्ठी पाठवली.

परतीची लढत कधीच झाली नाही. आव्हान देणाऱ्याने 10,000 डॉलर उभे करावेत हा नियम 1922 मध्ये कापाब्लांकाच्याच पुढाकाराने ठरला होता. अलेखाइनने तोच नियम त्याच्यासमोर धरला. दोघांमधलं बोलणंही संपलं. आम्हाला विचाराल तर इथे अलेखाइनने पळ काढला, पण दोरी कापाब्लांकानेच वळलेली होती.

1930-31 च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत पंजाबच्या मीर सुलतान खान यांनीही त्याला हरवलं. तो डावही वजिराच्या प्याद्याच्याच वळणाचा.

9 वर्षांनी, 1936 मध्ये नॉटिंगहॅमला अलेखाइन आणि तो पुन्हा समोरासमोर आले. अलेखाइनने वजिराचं प्यादं पुढे टाकलं. कापाब्लांकाने यावेळी क्वीन्स गॅम्बिट टाळून डच बचाव निवडला आणि डाव जिंकला. त्या स्पर्धेत तो बोतविनिकसोबत संयुक्त पहिला आला.

मार्च 1942 मध्ये मॅनहॅटन चेस क्लबमध्ये दुसऱ्यांचा डाव पाहत असताना तो कोसळला. 8 मार्चला माउंट सिनाय रुग्णालयात त्याचं निधन झालं. वर्षभरापूर्वी लास्करही याच रुग्णालयात गेला होता.