इस्माईल अल-अझहरी: पगाराच्या तक्रारीतून उभा राहिलेला नेता

पुण्याजवळ खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची घुमट असलेली मुख्य इमारत आहे. तिचं नाव सुदान ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या बचावासाठी लढलेल्या भारतीय जवानांच्या आठवणीत सुदानने पैसा दिला, त्यातून ती उभी राहिली. त्या सुदानचे पहिले पंतप्रधान इस्माईल अल-अझहरी मात्र आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नाहीत.

१९०० साली ओमदुरमानच्या एका आलिम घराण्यात त्यांचा जन्म झाला. खार्तूमच्या गॉर्डन कॉलेजात शिकले, गणिताचे मास्तर झाले, बैरूतला जाऊन पुढचं शिक्षण घेतलं आणि परत सरकारी नोकरीत आले.

गॉर्डन कॉलेज म्हणजे इंग्रज सरकारसाठी कारकून, हिशेबनीस आणि मास्तर तयार करणारी जागा. १९३१ साली मंदीचं कारण देऊन सरकारने नव्या सुदानी नोकरांचा सुरुवातीचा पगार महिना ८ पौंडांवरून साडेपाचवर आणला. पोरांनी वर्गच सोडले. शेवटी साडेसहा पौंडांवर तडजोड झाली. दीड पौंड गेलेच, पण शिकलेल्या लोकांना एक गोष्ट कळली: एकेकट्याने अर्ज करून काही होत नाही, एकजूट लागते.

१९३८ साली पदवीधरांची काँग्रेस स्थापन झाली आणि अझहरी तिचे सरचिटणीस झाले. सुरुवात शिक्षणाच्या आणि नोकरदारांच्या प्रश्नांपासून झाली. १९४२ साली याच संघटनेने स्वयंनिर्णयाचा हक्क मागितला. सरकारने निवेदन परत पाठवलं. पुढच्याच वर्षी अझहरींनी आपला पक्ष काढला. तुरुंगवासही भोगला.

१९५३ च्या निवडणुकीवर देखरेख करणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष होते भारताचे सुकुमार सेन. अझहरींचा पक्ष जिंकला. १९५४ साली ते पंतप्रधान झाले आणि १ जानेवारी १९५६ ला खार्तूममध्ये स्वतंत्र सुदानचा झेंडा फडकला.

पण याच काळात एक मोठी चूक झाली. इंग्रजांच्या हातातली सुमारे ८०० पदं सुदानी लोकांना द्यायची होती. त्यातली दक्षिणेच्या वाट्याला आली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. गोऱ्या साहेबाच्या जागी उत्तरेचा साहेब आला, एवढंच दक्षिणेला दिसलं. इतरही कारणं होती. ऑगस्ट १९५५ मध्ये तोरितला दक्षिणेच्या सैनिकांनी बंड केलं. त्यानंतर पेटलेली आग अनेक दशकं विझली नाही. २०११ साली देशाचे दोन तुकडे झाले.

अझहरींनी हे शेवटचं पाहिलं नाही. मे १९६९ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचा इंतकाल झाला.

आपल्या पगारासाठी लढणं सोपं नसतंच. पण खुर्ची मिळाल्यावर दुसऱ्याचा हक्क न विसरणं त्याहून अवघड. इन्साफ आपल्यासाठी मागायचा तर तो दुसऱ्यालाही द्यावा लागतो. अझहरींच्या आयुष्यातून हेच शिकायचं.