सरासरी माणसाचा जन्मदाता

१९८९च्या फेब्रुवारीतली ती पहाट मला अजून लख्ख आठवते. गणवेशाच्या एका नोकरीची भरती होती. आदल्या रात्री गावातल्या एका जाणत्या गृहस्थांनी सल्ला दिला होता, की माणूस झोपून उठल्याबरोबर सर्वांत उंच असतो. दिवसभर उभे राहून मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि तो थोडा खुजा होतो. तेव्हा मैदान गाठेपर्यंत शक्यतो आडवेच राहावे. मी टेंपोच्या हौद्यात पोत्यांवर आडवा पडून तालुक्याहून जिल्ह्याला गेलो. मोजपट्टीखाली मान ताणली, श्वास रोखला. उंची हवी होती १६५ सेंटिमीटर. भरली १६३.५. दीड सेंटिमीटरने माझ्या आयुष्याचा रस्ता बदलला.

पुढे मी गणिताचा शिक्षक झालो. सरासरी शिकवता शिकवता ही कल्पना माणसाच्या अंगाला पहिल्यांदा कोणी चिकटवली याचा शोध घेऊ लागलो आणि एका बेल्जियन गृहस्थाच्या चरित्रापाशी येऊन पोचलो. त्याच्या एका तक्त्यात मला दोन हजारांवर फ्रेंच तरुण भेटले. तेही माझ्यासारखेच मोजपट्टीखाली उभे होते. फक्त मी अंग ताणत होतो, ते आक्रसत होते. त्या गृहस्थाचे नाव अडॉल्फ केतले.

केतलेचा जन्म २२ फेब्रुवारी १७९६ रोजी गेंट शहरात झाला. आज ते बेल्जियममध्ये आहे; तेव्हा बेल्जियम नावाचा देशच नव्हता. फ्रेंचांनी तो मुलूख नुकताच घशात घातला होता. केतले सात वर्षांचा असताना वडील वारले. घरची ओढग्रस्त अशी, की कोवळ्या वयातच त्याला शाळेत गणित शिकवून पोट भरावे लागले. पण त्याचा जीव गणितात फारसा नव्हता. तो चित्रे काढी, कविता करी. जर्मिनाल दांदलँ या मित्राबरोबर त्याने एक संगीतिकाही लिहिली. गेंटचे नवे विद्यापीठ १८१७ साली सुरू झाले आणि दोनच वर्षांनी केतलेने तिथे शंकुच्छेदांवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर तो ब्रुसेल्सला आला, तो कायमचाच.

ब्रुसेल्सला वेधशाळा हवी असा ध्यास त्याने घेतला. सरकारने १८२३ साली त्याला खगोलशास्त्राचे तंत्र शिकायला पॅरिसला पाठवले. तिथे त्याने दुर्बिणी तर पाहिल्याच, पण लाप्लास आणि फूरिये यांच्या सहवासात संभाव्यतेचे गणितही शिकून घेतले. पुढच्या साऱ्या आयुष्याला वळण लागले ते या दुसऱ्या विद्येमुळे. वेधशाळेचे बांधकाम सुरू झाले आणि अर्धवट असतानाच १८३०ची क्रांती झाली. जिथून तारे पाहायचे त्या इमारतीचा लढणाऱ्यांनी किल्ल्यासारखा वापर केला. क्रांतीतून बेल्जियम हा देश जन्माला आला आणि या नव्या देशाची माणसे मोजण्याचे काम केतलेने अंगावर घेतले.

तारे मोजणारा माणूस माणसे का मोजू लागला? उत्तर सोपे आहे. एकाच ताऱ्याचे स्थान दहा वेळा मोजले तर दहा वेगळे आकडे येतात. कधी हात हलतो, कधी डोळा चुकतो, कधी हवा थरथरते. पण हे आकडे वाटेल तसे विखुरत नाहीत. बहुतेक मधल्या आकड्याभोवती दाटी करतात आणि दोन्ही बाजूंना विरळ होत जातात. कागदावर मांडले, तर घंटेसारखा आकार दिसतो. केतलेला दिसले, की माणसांच्या मापांचाही आकार तोच आहे. स्कॉटलंडच्या ५,७३८ सैनिकांच्या छातीची मापे त्याने मांडली. चाळीस इंचांच्या आसपास दाटी, दोन्हीकडे उतार. जणू निसर्ग एकच सैनिक पुन्हा पुन्हा घडवत होता आणि दर वेळी थोडा चुकत होता.

यातून जन्मला त्याचा सरासरी माणूस. १८३५ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन खंडांच्या ग्रंथात त्याने या माणसाची उंची, वजन, ताकद, आयुर्मान, इतकेच काय, गुन्ह्याकडे वळण्याची शक्यताही मांडली. फ्रान्समध्ये दर वर्षी गुन्ह्यांची संख्या जवळजवळ तेवढीच राहते, हे दाखवून गुन्ह्याची बीजे समाजातच असतात असे त्याने सुचवले, तेव्हा मोठी खळबळ उडाली. माणसाच्या इच्छास्वातंत्र्याचे काय, असा प्रश्न धर्ममार्तंडांपासून तत्त्वज्ञांपर्यंत सर्वांनी विचारला.

मला त्या ग्रंथात जास्त भिडली ती उंचीवरची पाने. नवजात बालकापासून म्हाताऱ्यापर्यंत माणसाची वाढ वयागणिक कशी होते याचा तक्ता त्याने बांधला. आज बालरोगतज्ज्ञाच्या भिंतीवर वाढीचा जो आलेख असतो, त्याच्या पूर्वजांत या तक्त्याची गणना करावी लागेल. शहरातले तरुण खेड्यातल्यांपेक्षा थोडे उंच भरतात, सुखवस्तू घरांतले कष्टकऱ्यांच्या मुलांपेक्षा उंच भरतात, हे त्याने नोंदवले. त्याच्या आधी, १८२९ साली, व्हिलेर्मे या फ्रेंच डॉक्टरने नेपोलियनच्या सैन्यभरतीची दप्तरे चाळली होती. त्या साम्राज्यात तेव्हा हॉलंडही होते आणि इटलीचा काही भागही. हेगच्या आसपासच्या सुपीक, सुखी प्रदेशातले तरुण सरासरी १६७.७ सेंटिमीटर भरले होते. अपेनाइन्सच्या दरिद्री डोंगरातले १५६. व्हिलेर्मेचा निष्कर्ष असा होता, की देश जितका संपन्न, अन्न-वस्त्र-निवारा जितका चांगला आणि बालपणी कष्ट जितके कमी, तितकी उंची जास्त. केतलेने हे आकडे आपल्या ग्रंथात घेतले. म्हणजे देशोदेशींच्या माणसांची उंची वेगळी का, या प्रश्नाचे निम्मेअधिक उत्तर जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी कागदावर आले होते.

आता ते दोन हजार तरुण. फ्रेंच सैन्यात तेव्हा १५७ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या तरुणाला सूट मिळे. केतलेने एक लाख तरुणांच्या उंचीची नोंद घेतली आणि आपल्या घंटेच्या आकाराशी ताडून पाहिली. १५७च्या खाली साधारण २६,३०० माणसे असायला हवी होती, होती २८,६००. आणि १५७च्या लगेच वरच्या रकान्यांत जवळपास तेवढीच माणसे कमी. म्हणजे दोन हजारांहून अधिक जण गुडघे किंचित वाकवून, पाठीला पोक काढून, कदाचित मोजणाऱ्याचा हात ओला करून रेषेखाली सरकले होते. एकाही माणसाला न भेटता, नुसत्या आकड्यांच्या फुगवट्यावरून केतलेने ही लबाडी १८४६च्या पुस्तकात उघडी केली. हे वाचताना मला टेंपोतली पोती आठवली आणि त्या अनामिक तरुणांबद्दल एकदम आपलेपणा वाटला. मोजपट्टी मुकाट असते. पण तिच्याखाली उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी हवे असते किंवा काहीतरी टाळायचे असते.

केतलेची कीर्ती युरोपभर झाली. १८२९ साली तो वायमारला जाऊन ऐंशीच्या घरातल्या गटेला भेटून आला. लंडनची स्टॅटिस्टिकल सोसायटी १८३४ साली स्थापन झाली, तिच्यामागे त्याची प्रेरणा होती. पुढे व्हिक्टोरिया राणीचा पती झालेला अल्बर्ट हा त्याचा शिष्य. १८५३ साली पहिली आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषद त्याच्या पुढाकाराने ब्रुसेल्सला भरली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल तर त्याला गुरुस्थानी मानत असे. पण १८५५ साली त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि स्मरणशक्ती अधू झाली. तीन वर्षांनी पत्नी गेली. तरी तो लिहीत राहिला. माणसाच्या शरीराच्या मापांवरचा शेवटचा मोठा ग्रंथ सत्तरी उलटल्यावर पुरा केला. १७ फेब्रुवारी १८७४ रोजी, अठ्ठ्याहत्तरीला पाच दिवस उरले असताना, तो ब्रुसेल्समध्ये वारला.

इथवर सगळे गौरवाचे. पण केतलेच्या विचारात एक खोट होती आणि ती आपल्यालाही भोवली. ताऱ्याच्या बाबतीत मधला आकडा खरा आणि बाकीच्या चुका, हे ठीक. तारा एकच असतो. माणसे मात्र अनेक असतात. केतलेने मधल्या माणसाला निसर्गाचा आदर्श ठरवले आणि उरलेल्यांना आदर्शापासून ढळलेले. मग प्रत्येक वंशाचा आपला एक नमुना असतो, ही कल्पना फार दूर राहिली नाही. आपल्याकडे १९०१च्या जनगणनेचा प्रमुख हर्बर्ट रिस्ली नाकाच्या मापावरून जातींची उतरंड लावायला निघाला, तो याच वाटेने. मोजमाप तेच, पण बालपण वाचायचे सोडून लोक रक्त वाचू लागले.

त्याच मोजपट्टीचा शहाणा वापरही आपल्याकडे झाला. इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर यांनी महाराष्ट्रातल्या लोकांच्या शरीरमापांवरचा ग्रंथ १९५१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे प्रसिद्ध केला. वीस वर्षांनी याच दांडेकरांनी नीलकंठ रथ यांच्यासोबत भारतातल्या दारिद्र्यावर पुस्तक लिहिले आणि माणशी रोज २,२५० कॅलरी ही गरिबीची रेषा धरली. अंगाची मापे घेतलेला माणूस पुढे ताटाचे माप घेऊ लागला, याचे मला फार अप्रूप वाटते.

ताटाचे माप अंगात उतरते, याचे दाखले आता जगभरातून मिळाले आहेत. आज जगात सर्वांत उंच असलेले डच पुरुष केतलेच्या उत्तरायुष्यात सरासरी १६५ सेंटिमीटरच्या आसपास होते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासात १९९६ साली जन्मलेले डच पुरुष १८२.५ भरले, पूर्व तिमोरचे सुमारे १६०, आणि भारतीय साधारण १६५. म्हणजे आजचा भारतीय तरुण दीडशे वर्षांपूर्वीच्या डच तरुणाएवढा. इराणच्या पुरुषांनी शंभर वर्षांत सोळा सेंटिमीटरहून अधिक मजल मारली. एवढ्या थोड्या काळात कोणाचे रक्त बदलत नाही. बदलते ते दूध, पाणी, आजारपण आणि आईचे पोट. आणि हा जिना एकाच दिशेचाही नाही. २००१ साली जन्मलेले डच पुरुष १९८०च्या पिढीपेक्षा सरासरी एक सेंटिमीटर कमी भरले आहेत.

आनुवंशिकता नाहीच असे नव्हे. एकाच गावातल्या, सारखेच खाल्लेल्या दोघांतला फरक बहुतांशी आईबापांकडूनच येतो. पण जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि आपली दिल्ली इथल्या चांगल्या परिस्थितीत वाढणाऱ्या बालकांची मापे घेतली, तेव्हा पहिल्या पाच वर्षांत ती जवळजवळ सारखीच वाढताना दिसली. त्यावरून २००६ साली साऱ्या जगासाठी एकच मोजपट्टी ठरली. त्या मोजपट्टीवर, २०१९ ते २१च्या राष्ट्रीय पाहणीत, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली पस्तीस मुले खुरटलेली निघाली.

माझा जन्म १९७०चा, माण तालुक्यातला. १९७२च्या दुष्काळात मी दोन वर्षांचा होतो. आईवडील दोघे खडी फोडायला जात. घरात लाल मिलोची भाकरी आणि वाटपात मिळालेली सुकडी. धाकटा भाऊ १९८०चा. तोवर वडील इचलकरंजीला सूतगिरणीत लागले होते आणि घरी रोज दूध येत होते. भाऊ १७२ सेंटिमीटर आहे. दोन भावांचा दाखला म्हणजे पुरावा नव्हे, हे मी वर्गात मुलांना बजावून सांगतो. केतलेने तर असल्या एका उदाहरणाकडे ढुंकूनही पाहिले नसते. पण आम्ही दोघे शेजारी उभे राहिलो, की आई नजर खाली घालायची. आपल्याच हातून थोरल्याचे काही करायचे राहून गेले, असे तिला मरेपर्यंत वाटत राहिले.

हा हिशेब तिच्या नावावर कधीच नव्हता. सरासरी उंची हा कोणा आईवरचा ठपका नाही आणि कोणा मुलाच्या लायकीचा निकालही नाही. एखाद्या देशाने वीस वर्षांपूर्वी आपल्या पोरांना काय खाऊ घातले, याची ती उशिरा मिळालेली पावती आहे. केतलेचे तक्ते मला फार उशिरा सापडले. दहा वर्षे आधी सापडते, तर ब्रुसेल्सच्या त्या माणसाची गोष्ट मी आधी आईला सांगितली असती.