वैमानिक जे. आर. डी. टाटा

घाट चढावयास निघालेला वाटसरू शिदोरी किती बांधावी याचा विचार आधीं करतो. फार बांधली तर ओझें होतें. थोडी बांधली तर अर्ध्या वाटेवर भूक गांठते. बोरघाटाच्या वाटेवर राहणाऱ्या आम्हां पनवेलकरांस हा हिशेब नवा नाहीं. आतां तर याच तालुक्यांत नवा विमानतळ उभा राहिला असून ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं त्याचें उद्घाटन झालें. आकाशांतील वाटसरूची शिदोरी म्हणजे इंधन. ती किती घ्यावी, याचा विचार ज्यांच्या चरित्राच्या अनुषंगानें करतां येईल, त्या जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांची ओळख वाचकांस करून द्यावी असें आम्हांस वाटतें.

त्यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजीं पॅरिस येथें झाला. वडील पारशी, आई फ्रेंच. बालपणीं सुटींत हें कुटुंब उत्तर फ्रान्समधील हार्देलो येथें समुद्रकांठीं राही. इंग्लिश खाडी विमानानें प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरिओ यांचें घर तेथें जवळच होतें. विमानें पाहतां पाहतां मुलास उड्डाणाचा ध्यास लागला. पुढें जुहू येथें शिक्षण घेऊन १० फेब्रुवारी १९२९ रोजीं त्यांनीं वैमानिकाचा परवाना मिळविला. भारतांत दिल्या गेलेल्या परवान्यांत त्याचा क्रमांक १ होता.

त्यांचें संस्मरणीय उड्डाण १५ ऑक्टोबर १९३२ चें. त्या दिवशीं सकाळीं एका लहानशा ‘पस मॉथ’ विमानांत सुमारे २५ किलो टपाल घेऊन ते कराचीहून एकटेच निघाले, अहमदाबादेस उतरले आणि दुपारीं जुहूस पोहोंचले. अहमदाबादेस बर्मा शेल कंपनीनें पेट्रोलचे चार-चार गॅलनांचे डबे चक्क बैलगाडींतून आणून ठेविले होते!

येथें थोडें गणित करूं. चार गॅलनांच्या एका डब्यांतील पेट्रोलचें वजन सुमारे १३ किलो भरतें. म्हणजे अवघे दोन डबे त्या सगळ्या टपालाहून जड! सारें इंधन आरंभींच लादावें, तर विमान जड होतें व उडण्यास लांब मैदान लागतें. वाटेंत थांबून पुन्हा भरून घेणें म्हणूनच शहाणपणाचें ठरतें.

परंतु हलकेपणाच्या लोभानें इंधन मोजकेंच घेणें हा दुसरा धोका. कराची ते अहमदाबाद अंतर सुमारे ६०० किलोमीटर. ताशीं १६० किलोमीटर वेगाच्या विमानास पावणेचार तास पुरतात. पण समोरून ताशीं ३० किलोमीटरचा वारा लागला, कीं साडेचार तासांहून अधिक लागतात. अंतर तेंच राहिलें तरी यंत्र तासांच्या हिशेबानें इंधन खातें.

जवळच्या प्रवासांत तर मन अधिकच फसतें. जुहूहून पुणें सुमारे १३० किलोमीटर, म्हणजे अशा विमानास पन्नास मिनिटांची वाट. पण ढगांमुळें पुण्यास उतरतां आलें नाहीं, तर परत येण्यास आणखी पन्नास मिनिटें हवींत. शिवाय दिवसा, जमीन दिसत असतां उडणाऱ्या विमानाजवळ उतरतेवेळीं निदान ३० मिनिटांचें इंधन उरावें, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. म्हणजे पन्नास मिनिटांच्या वाटेस दोन तासांहून अधिक पुरेल इतकी शिदोरी हवी! उतरण्याची जागा ऐन वेळीं मिळेलच असें नसतें. त्या काळीं जुहूचें मैदानच पावसाळ्यांत पाण्याखालीं जाई आणि टाटांची टपालसेवा तेवढे महिने पुण्याहून चालवावी लागे.

गांठीं असलेल्या शिल्लकीचा खरा उपयोग १९३० सालच्या एका प्रसंगीं दिसून आला. इंग्लंड व भारत यांमधील अंतर एकट्यानें उडून जाणाऱ्या पहिल्या भारतीयास आगाखान यांनीं बक्षीस लाविलें होतें. टाटा कराचीहून निघाले. अस्पी इंजिनियर हा तरुण समोरून इंग्लंडहून येत होता. इजिप्तमधील अबूकीर येथें दोघांची गांठ पडली. स्पार्क प्लग नसल्यानें अस्पी तेथें अडकून पडला होता. टाटांनीं आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्यास देऊन टाकिले. अस्पीनें बक्षीस जिंकलें, आणि पुढें तोच भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

१९४८ सालीं टाटांच्या कंपनीनें मुंबई-लंडन विमानसेवा सुरू केली. १९५३ मध्यें राष्ट्रीयीकरण झाल्यावरहि १९७८ पर्यंत एअर इंडियाची धुरा त्यांच्याकडेच होती. १९८२ सालीं, वयाच्या ७८ व्या वर्षीं, त्यांनीं कराची ते मुंबई हें उड्डाण पुन्हा एकट्यानें केलें. १९९२ मध्यें त्यांस भारतरत्न हा किताब मिळाला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजीं जिनिव्हा येथें त्यांचें देहावसान झालें.

विद्यार्थिमित्रहो, वाट जवळची असली तरी हिशेब पुरा करावा. भय म्हणून ओझें वाढवूं नये, आणि धाडस म्हणून गांठ रिकामी ठेवूं नये. जो गांठीं थोडें अधिक राखून निघतो, तो स्वतः तर सुखरूप पोहोंचतोच, पण वाटेंत अडलेल्या दुसऱ्यासहि हात देऊं शकतो.